न पाहिलेल्या रानाची चित्रं

हैदराबादहून नागपूरकडे निघालेल्या गाड्यांना केळापूर माहीत असतं ते टोलनाक्यामुळे. पैनगंगा ओलांडली, पाटणबोरी मागं पडली, कपाशीची काळी रानं दोन्ही बाजूंनी धावू लागली की थोड्या वेळात नाका येतो. फास्टॅगचा आवाज होतो आणि गाडी पुढं निघते. कारभार पाहायचा तर तो पांढरकवड्यात. तहसील, बाजार, एसटी स्टँड सगळं तिथं. पण तालुक्याला नाव मात्र केळापूरचंच राहिलं आहे. गावात जगदंबेचं जुनं देवस्थान आहे. नवरात्रात आसपासच्या खेड्यांतून माणसं पायी येतात, त्यात मराठे-कुणब्यांबरोबर गोंड, कोलाम, परधानही असतात.

एका इंग्रज कवीच्या शोधात निघालेल्या माणसानं इथून सुरुवात का करावी? कारण रस्ता. केळापूरवरून जाणारा चव्वेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग (जुन्या माणसांच्या तोंडी अजून सात नंबर) तसाच उत्तरेला धरला, तर हिंगणघाट, नागपूर, मनसर करत तो पेंचच्या रानातून थेट मध्य प्रदेशातल्या सिवनीत उतरतो. सिवनी म्हणजे मोगलीचा मुलूख. आणि दुसरं कारण पाणी. पांढरकवड्याजवळून वाहणारी खुनी नदी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धा पुढं वैनगंगेला मिळून तिची प्राणहिता होते. ज्या वैनगंगेच्या घळीत मोगलीनं म्हशी उधळून शेरखानाला तुडवलं, त्याच वैनगंगेत केळापूरचा पाऊस शेवटी जाऊन मिसळतो.

रुडयार्ड किपलिंग जगाला मोगलीमुळे ठाऊक असला, तरी त्याच्या काळी त्याची पहिली ओळख कवीची होती. १८९२ च्या ‘बॅरक-रूम बॅलड्स’नं त्याला इंग्लंडात घरोघरी नेलं, १९१० ची ‘इफ’ ही कविता आजही शाळांच्या भिंतींवर टांगलेली असते, आणि १९३६ साली तो गेल्यावर त्याच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या कवींच्या कोपऱ्यात ठेवल्या गेल्या. ‘द जंगल बुक’मध्येसुद्धा प्रत्येक गोष्टीला कविता जोडलेली आहे, मराठीत गोष्टी आल्या, कविता बहुतेक मागंच राहिल्या. पण खरी गंमत वेगळी आहे. ज्या सिवनीच्या रानानं त्याला अमर केलं, तिथं तो गेलाच नव्हता. ते रान त्यानं चित्रांतून उभं केलं: कुणाचे फोटो, कुणाची रेखाटनं, आणि घरातच वाढलेली एक नजर.

चित्रांकडे जाण्याआधी खरं रान पाहून घेतलेलं बरं. ते केळापूर तालुक्यात फारसं लांब नाही. पांढरकवड्याहून सुन्ना गेटकडे जीप वळली की टिपेश्वर अभयारण्य लागतं. १९९७ साली घोषित झालेलं, १४८.६३ चौरस किलोमीटरचं हे रान टिपाई देवीच्या नावानं ओळखलं जातं. सागाचे उंच-सखल डोंगर, मध्ये गवताची मैदानं, उन्हाळ्यातही ओल धरून राहणारे नाले. किपलिंगच्या गोष्टीतली बहुतेक मंडळी इथं हजर आहेत. मोहाच्या झाडाखाली येणारं अस्वल आहे, बिबट आहे, चितळ-सांबर-नीलगायी आहेत, फांद्यांवर टवाळ माकडं आहेत. जिप्सीत बसलेल्या मुलांना गाइड ‘वाघ दिसेल’ असं वचन कधीच देत नाही. पाऊलखूण मात्र दाखवतो: वाटेवरच्या मऊ धुळीत चार बोटं आणि मागं रुंद गादी, कडेनं धूळ अजून न ढासळलेली, म्हणजे ताजी.

या रानाचं सर्वांत गाजलेलं चित्र कुणा चित्रकारानं काढलेलं नाही. ते आहे एका नकाशावरच्या ठिपक्यांचं. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या टी-१ सी-१ या नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. त्याच जूनमध्ये तो घर सोडून निघाला. तेलंगणात शिरला, परत आला, शेतं, कालवे, महामार्ग ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. कपाशीच्या उभ्या पिकातून रात्री चालणारा आणि दिवसा नाल्याच्या झुडपात दडणारा हा वाघ बहुतेक गावांना दिसलादेखील नाही. किपलिंगला हे कळतं तर एक कविता नक्की झाली असती.

दुसऱ्या वाघाचं चित्र इतकं सुखाचं नाही. पांढरकवडा वनविभागातली टी-१, जिला माध्यमांनी ‘अवनी’ म्हटलं, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या लागल्या; राळेगाव-पांढरकवड्याच्या गावांत लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण वेचणीच्या दिवसांत कपाशीत वाकायचं त्यांना होतं. शेरखानाच्या गोष्टीतही हीच फाळणी आहे. किपलिंगचा शेरखान जन्मतः लंगडा, म्हणून गुरं मारणारा. त्याच्यामुळे गावकरी चिडतात आणि रानातल्या सगळ्यांवर संकट येतं, अशी लांडग्यांची तक्रार असते. वाघानं माणूस मारला की शिक्षा साऱ्या रानाला होते, हे न पाहिलेल्या रानाबद्दल त्यानं अचूक लिहिलं.

दक्षिणेचा उल्लेखही त्याच्याकडे आहे. ‘सेकंड जंगल बुक’मधल्या रानकुत्र्यांच्या गोष्टीत ती टोळधाड येते ती दख्खनहून, वाटेत सगळं फस्त करत. म्हणजे आजच्या भाषेत, केळापूरच्या अंगानं. खेड्यातली माणसं ज्यांना कोळसून किंवा नुसतंच रानकुत्रे म्हणतात, त्या तांबूस, शिट्टी घालत शिकार करणाऱ्या कळपांना वाघही वाट देतो असं इथं सर्रास सांगतात. गोंडही किपलिंगच्या पानांत भेटतो: रान गावावर चालून येतं तेव्हा घाबरलेले गावकरी ज्याला सल्ला विचारतात, तो काटक, काळा शिकारी. एक वेल देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफून तो न बोलता निकाल देतो. साहेबी लेखणीतून उतरलेलं चित्र आहे, त्यात गूढपणाचा मसाला जरा जास्त. तरी रानाचा शेवटचा शब्द गोंडाचा, एवढं त्यानं मान्य केलं आहे.

जाता जाता एक योगायोग. इंग्रजी लष्करी इतिहासांत ‘सिवनीची लढाई’ भेटते, तिचा मोगलीच्या सिवनीशी काही संबंध नाही. ती शिवणी पांढरकवड्याच्या बाजूची. एप्रिल १८१८ मध्ये पळत्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला कर्नल ॲडम्सनं तिथं गाठून उधळलं, आणि पुढं दीड-दोन महिन्यांत पेशवाईच संपली. नकाशा पाहताना गल्लत होऊ नये म्हणून एवढं.

पांढरकवड्याहून नागपूर दीडशेएक किलोमीटर. करंजी, वडकी, मग पोहण्याजवळ वर्धा नदीचा पूल आणि जिल्हा बदलतो. हिंगणघाटला जिनिंगचे ढीग, बुटीबोरीला कारखान्यांची धुराडी. नागपूर मागं टाकून मनसर ओलांडलं की डोंगर जवळ येतात आणि देवलापारपासून रस्ता चक्क हवेत चढतो. पेंचच्या महाराष्ट्रातल्या पट्ट्यात हा महामार्ग रुंद करताना वाघांच्या वाटा तुटणार म्हणून बराच कोर्टकज्जा झाला. शेवटी जनावरांना खालून जाता यावं असे नऊ मार्ग बांधले गेले. त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा. खाली भारतीय वन्यजीव संस्थेनं कॅमेरे लावले. २०१९ सालच्या नोंदींत अठरा जातींचे प्राणी त्या खांबांमधून जाताना टिपले गेले, त्यांत अकरा वेगवेगळे वाघ. त्या फोटोंत सौंदर्य शोधू नये. वर काँक्रीटचं कोरं छप्पर, खाली कोपऱ्यात तारीख-वेळ, मधोमध मान खाली घालून निघालेला वाघ, एखाद्या रात्रपाळीच्या कामगारासारखा. पण मोगलीच्या मुलखातला आजचा सर्वांत खरा दस्तऐवज तोच.

खवासा ओलांडलं की मध्य प्रदेश. पाट्या बदलतात, मोगली सुरू होतो. दुकानावर मोगली, ढाब्यावर बघीरा, रिसॉर्टवर बल्लू. तुरिया गेटजवळ राज्य पर्यटन महामंडळाचं ‘किपलिंग्ज कोर्ट’ आहे. शाळकरी मुलांसाठी सरकार मोगली उत्सव भरवतं. सिवनी जिल्ह्यात आमोदागढ नावाची खडकाळ, नदीकाठची जागा मोगलीचं ठिकाण म्हणून दाखवली जाते. पुस्तकातलं कान्हीवाडा मात्र खरंखुरं गाव आहे; मोगलीला सांभाळणारी मेसुआ गावकऱ्यांच्या तावडीतून सुटून जिकडे पळते, ते. नावं नकाशावरची, अंतरं बरीचशी बरोबर, आणि लिहिणारा कधी न आलेला. मग हे सगळं त्याच्यापर्यंत पोचलं कसं?

पहिला धागा अलाहाबादेत सापडतो. १८८८ साली ‘पायोनियर’ वर्तमानपत्रात नोकरी करणारा बावीस वर्षांचा किपलिंग म्युअर सेंट्रल कॉलेजातले प्राध्यापक हिल आणि त्यांची अमेरिकन पत्नी एडमोनिया यांच्या ‘बेल्व्हेडिअर’ बंगल्यात राहत होता. हिल दांपत्य सिवनीच्या डोंगरांत फिरून आलं होतं, आणि त्यांच्या गप्पांतून, त्यांनी काढलेल्या फोटोंतून त्या रानाचं वातावरण त्याला मिळालं, असं किपलिंगचे अभ्यासक सांगतात. दुसरा धागा रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या अधिकाऱ्याचा. त्याचं ‘सिवनी, ऑर कॅम्प लाइफ ऑन द सातपुडा रेंज’ हे पुस्तक १८७७ साली निघालं. सातपुड्यातली शिकार, तंबू, गोंड, नद्या सगळं त्यात आहे, आणि चित्रं त्याच्या स्वतःच्या हातची. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमननं १८५२ मध्येच छापल्या होत्या. एवढी सामग्री डोक्यात घेऊन किपलिंगनं मोगली लिहायला घेतला तो १८९२ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, खिडकीबाहेर कमरेइतकं बर्फ साचलेलं असताना.

पुस्तकाला चित्रं काढणारे हातही असेच दूरदूरचे. १८९४ च्या पहिल्या ‘जंगल बुक’वर तिघांची नावं आहेत. त्यांतला पॉल फ्रेंझेनी अमेरिकेतल्या वाइल्ड वेस्टची, काउबॉय आणि घोड्यांची रेखाटनं करणारा. डब्ल्यू. एच. ड्रेक अमेरिकन बालमासिकांचा चित्रकार. तिसरा जॉन लॉकवुड किपलिंग, कवीचा बाप, आणि तिघांत आयुष्याचा मोठा भाग हिंदुस्थानात काढलेला. पुढच्या वर्षीच्या ‘सेकंड जंगल बुक’ची सजावट त्यानं एकट्यानं केली. १९०३ मध्ये जेमतेम विशीतल्या डेटमोल्ड या जुळ्या भावांनी सोळा जलरंगांचा संच काढला. प्राण्यांचा अभ्यास त्यांनी लंडनच्या झूमध्ये केलेला. मग १९६७ चा डिस्नी आला आणि अस्वलाला नाचायला शिकवून गेला. आपल्याकडच्या एका पिढीच्या डोळ्यांसमोर मात्र १९९३ मधलं दूरदर्शनवरचं जपानी कार्टून आहे, आणि त्यातला शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरतो. तो आवाज कानात बसलेल्याला दुसरा शेरखान पटणं अवघड.

लॉकवुडकडे मात्र परत यायलाच हवं, आणि त्यासाठी नागपूरहून मुंबईची गाडी धरायला हवी. या साऱ्या चित्रांचं उगमस्थान तिथं आहे. यॉर्कशरमध्ये जन्मलेला हा कुंभारकाम-शिल्पकामातला माणूस मार्च १८६५ मध्ये ॲलिस मॅक्डोनल्डशी लग्न करून लगेच मुंबईला आला, जे. जे. कला शाळेत वास्तुशिल्प शिकवायला. ३० डिसेंबरला मुलगा झाला. स्टॅफर्डशरमधल्या ज्या तळ्याकाठी आई-बापांची भेट झाली, त्या रुडयार्ड तळ्याचं नाव त्याला मिळालं, आणि बाप्तिस्मा फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये झाला. आया गोव्याकडची कॅथलिक, बरोबर फिरणारा गडी मिता हिंदू. एक रस्त्याकडेच्या क्रुसासमोर थांबणारी, दुसरा देवळात घेऊन जाणारा. मुलाची बोली त्यांची झाली. आई-बापांसमोर जाताना आता इंग्रजीत बोल, असं त्याला बजावून सांगावं लागे. सहाव्या वर्षी त्याला इंग्लंडला धाडलं, तेव्हा हे सगळं तुटलं.

म्हातारपणी आत्मचरित्र लिहायला बसल्यावर त्याला सर्वांत आधी आठवला तो प्रकाश, रंग, आणि खांद्याएवढ्या उंचीवर रचलेली सोनेरी-जांभळी फळं, आयाबरोबर पहाटे मंडईत जाताना दिसलेली. जे. जे.च्या आवारासमोरच क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये उभं राहिलं. आराखडा विल्यम इमर्सनचा, नाव पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं. आता महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या दारांवरचे उठाव लॉकवुडचे आहेत. ते अनेकांनी हजारदा ओलांडूनही पाहिलेले नसतात, कारण खाली फळवाला, पक्षीवाला, पिशव्यावाला. वर मान केली की शेतकरी, बैल, बाजाराला आलेली माणसं दिसतात. ग्रीक देवता नाहीत, पंखवाले देवदूत नाहीत. धोतर-मुंडासं, ओझ्यानं वाकलेली पाठ, बैलाचं वशिंड. माती आणि घाम ओळखू येतो. आतलं कारंजंही इमर्सन-लॉकवुड जोडीचंच. त्यावर मध्यंतरी भडक तैलरंगांचे थर चढवले गेले होते आणि त्याखाली कोरीव पानं-पाखरं पार बुजली होती. लॉकवुडचं हे वळण नंतर पक्कं होत गेलं. १८७० पासून सरकारी कामावर उत्तर हिंदुस्थानात फिरून त्यानं कोरीवकाम करणारे, विणकर, कुंभार कामात दंग असतानाची रेखाटनं केली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९१ मध्ये त्यानं ‘बीस्ट अँड मॅन इन इंडिया’ हे पुस्तकच लिहिलं: आपल्या बैल, गाढव, हत्ती, माकडांबद्दल, स्वतःच्या चित्रांसह. मुलाचं ‘जंगल बुक’ त्यानंतर तीन वर्षांनी आलं. प्राण्यांकडे पाहण्याची मुलाची नजर या बापानं घडवली, हे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की वेगळं सांगावं लागत नाही. १९०१ च्या ‘किम’साठी तर बापानं चित्रं काढलीच नाहीत, मातीत उठाव घडवले आणि त्यांचे फोटो छापले. मंडईच्या दारावरची रीत पुस्तकाच्या पानावर आली.

मुलाची स्वतःची चित्रं वेगळीच कथा सांगतात. मावसभाऊ फिलिप बर्न-जोन्सनं १८९९ मध्ये रंगवलेलं तैलचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे: चष्मा, दाट मिशा, कामात बुडालेला लेखक. त्याच वर्षी त्यानं गोऱ्यांच्या ओझ्याची ती कुप्रसिद्ध कविता छापली, अमेरिकेनं फिलिपाइन्स घेतल्याच्या निमित्तानं. १९०४ मध्ये मॅक्स बीरबोमनं व्यंगचित्र काढलं. त्यात बुटका किपलिंग ब्रिटानियाच्या हातात हात घालून सहलीला निघाला आहे. तिचं शिरस्त्राण याच्या डोक्यावर, याची टोपी तिच्या. समीक्षेची शंभर पानं त्या एका टोपीत मावतात. मधल्या १९०७ सालच्या नोबेलनं फरक पडला नाही, आणि जालियनवाला बागेनंतर डायरसाठी ‘मॉर्निंग पोस्ट’नं उभारलेल्या निधीत त्यानं दहा पौंड घातले, हेही नोंदलेलं आहे. मोगलीवर जीव असलेल्या वाचकानं हे दडवून ठेवायचं कारण नाही.

त्याच्या पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्यांवर कमळ धरलेलं हत्तीचं मस्तक आणि स्वस्तिक असे, बापाच्याच कल्पनेतलं, गणपतीवरून घेतलेलं. हिटलरनं स्वस्तिकाचं जे केलं ते पाहून किपलिंगनं आपल्या पुस्तकांवरून ते उतरवायला लावलं. जुन्या पुस्तकांच्या बाजारात आवृत्तीचं वय ठरवताना ती खूण आजही उपयोगी पडते.

जे. जे.च्या आवारातला डीनचा हिरवट लाकडी बंगला किपलिंगचं जन्मस्थान म्हणून दाखवला जातो. तशी पाटी आहे, अर्धपुतळाही आहे. बंगला मात्र त्याच्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी बांधलेला, जागा तेवढी खरी. तिथं किपलिंगचं संग्रहालय करावं असा विचार पुढं आला होता, पण साम्राज्याच्या भाटाचं स्मारक नको या भीतीनं तो मागं पडला, जे. जे.च्या शिक्षक-विद्यार्थ्यांची चित्रं तिथं मांडावीत, असा सूर मग निघाला. तो अधिक शहाणपणाचा वाटतो. अशीच दुसरी दंतकथा चार पावलांवर आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचे मोर, माकडं, पानं-फुलं लॉकवुडनं कोरली असं बरेच गाइड सांगतात. पण तो १८७५ मध्येच लाहोरला, तिथली मेयो कला शाळा आणि संग्रहालय सांभाळायला गेला होता. स्टेशनाचं बांधकाम सुरू झालं १८७८ मध्ये. ते काम जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं. लॉकवुडचा हात पाहायचा तर रस्ता ओलांडून मंडईच्याच दारात यावं लागतं, आणि पेट्या उतरवणाऱ्या हमालांच्या वाटेत न येता मान वर करायला जागा शोधावी लागते.